मुखवट्यामागचा बाप

जव्हारजवळच्या साखरशेतात एक गुरुजी राहत होते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळा गाव त्यांना गुरुजीच म्हणायचा. त्यांना फोटो काढायचा नाद होता. 2005 साली त्यांनी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. पुढं कॅमेरा गेला आणि मोबाइल आला. नाद मात्र सुटला नाही.

नागलीची आवणी असो, कुणाची हळद असो, शाळेची सहल असो, गुरुजी फोटो काढायचे. होळी झाली की जव्हार-मोखाड्याकडं बोहाडे लागतात. रात्रभर संबळ वाजतो. टेंभ्यांच्या उजेडात गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक नाचत पुढं जातात. गुरुजी पहाटेपर्यंत जागायचे आणि एकेका सोंगाचा फोटो घ्यायचे.

असं करता करता फोटो 40,000 च्या वर गेले. काही हार्डडिस्कवर होते, काही जुन्या कार्डांत, काही मोबाइलमध्ये. त्यांना नावं कॅमेऱ्यानंच दिलेली होती, नुसती अक्षरं आणि आकडे. पण त्यामुळं कुणाचं अडत नव्हतं. कुणी दारात येऊन म्हणायचं, "गुरुजी, माझ्या आईचा फोटो आहे का?" गुरुजी डोळे मिटायचे, जरा आठवायचे आणि नेमका तोच फोटो उघडायचे.

एके दिवशी एक माणूस असाच आला. गुरुजींनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. काही आठवेना. माणूस रिकाम्या हातानं परत गेला. त्या रात्री गुरुजींना झोप लागली नाही.

दिवाळी झाली. भाताची झोडणी उरकली. गावातली पुष्कळ माणसं बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून गेली. तेव्हा गुरुजींनी आपल्या तीन जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं. दोन मुलगे होते आणि एक मुलगी.

"या सगळ्या फोटोंची एकेक प्रत तुम्हाला देतो," गुरुजी म्हणाले. "नीट लावा. होळीला माणसं घरी येतील, तेव्हा मी बघेन. ज्याची मांडणी चांगली, त्याच्या हाती हे सगळं सोपवीन."

"चांगली म्हणजे कशी, गुरुजी?" मुलीनं विचारलं.

"ते होळीला कळेल."

थोरला विद्यार्थी हिशेबी होता. त्याला माहीत होतं की फोटो काढला की त्याची तारीख फोटोच्या फाइलमध्येच नोंदली जाते. त्यानं संगणकाला ती तारीख वाचायला लावली. संगणकानं वर्षांचे फोल्डर केले आणि त्यांत महिन्यांचे फोल्डर केले. एका रात्रीत काम संपलं. थोरला होळीपर्यंत निवांत झोपला.

मधला हौशी होता. त्यानं एक नवं अ‍ॅप घेतलं. ते आपणहून चेहरे ओळखायचं. त्यात रंगांच्या खुणा होत्या, चांगल्या फोटोंना तारे होते. शिवाय त्यानं फोल्डरच्या आत फोल्डर केले. आधी जिल्हा, मग तालुका, मग पाडा, मग विषय, मग उपविषय. लॅपटॉप उघडला की बघत राहावं, असं ते दिसायचं.

धाकटीनं पहिले काही दिवस संगणकाला हातच लावला नाही. ती वही घेऊन गुरुजींच्या ओट्यावर बसून राहिली. फोटो मागायला कुणी आलं की ती त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यायची.

"माझी आई पाहिजे. लाल लुगड्यातली."

"भाऊ चौथीत होता, तेव्हाच्या सहलीचा."

"माझ्या लग्नात तारपा वाजवणारा म्हातारा होता, त्याचा."

"पावसानं आमची भिंत पडली, त्या सालचं घर."

वही भरत आली, तेव्हा तिनं ती पहिल्यापासून वाचली. तारीख कुणीच सांगितली नव्हती. तारे कुणीच मागितले नव्हते. माणसं चारच गोष्टी सांगत होती. कोण, कुठं, कशाच्या वेळी आणि साधारण कधी.

मग ती कामाला लागली. प्रत्येक फोटोच्या नावात तिनं आधी वर्ष घातलं, मग महिना, मग दिवस. दिवस आधी घातला, तर संगणक दरसालच्या सगळ्या एक तारखा एकाच जागी गोळा करतो. वर्ष आधी घातलं की फोटो आपोआप काळाच्या ओळीत उभे राहतात. त्यापुढं तिनं पाडा लिहिला, मग प्रसंग लिहिला. दिवस ठाऊक नसेल तिथं नुसतं वर्ष लिहिलं. वर्षही नक्की नसेल तिथं "अंदाजे" असं लिहिलं. बोहाड्याला कधी भोवाडा आणि कधी जत्रा म्हटलं, तर शोधणारा चुकेल. म्हणून कोणत्या गोष्टीला कोणतं नाव द्यायचं, ते वहीच्या पहिल्या पानावर ठरवून टाकलं.

माणसांची नावं तिनं फोटोच्या फाइलमध्येच लिहिली. तिथं असा मजकूर लिहायला जागा असते. फोटोची प्रत दुसऱ्या संगणकावर गेली, तरी नाव तिच्याबरोबर जातं.

पण नावं सांगणार कोण? जाणती माणसं भट्टीवर गेली होती. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरली होती. धाकटी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन पाड्यापाड्यावर जाऊ लागली. म्हाताऱ्या चुलीपाशी बसून फोटो बघायच्या आणि नावं सांगायच्या.

एकदा तिनं बोहाड्याचा एक फोटो पुढं केला. नरसिंहाचं सोंग होतं.

"आजी, हा कोण असेल? तोंड तर दिसत नाही."

"तोंड कशाला बघतेस?" आजी म्हणाली. "पाय बघ. डावा पाय वाकडा टाकलाय ना? हा माझ्या जावेचा दादला. ते सोंग त्याच्याच घराकडं होतं."

धाकटीनं नाव लिहिलं. कुणी ओळखलं आणि कशावरून ओळखलं, तेही लिहिलं.

होळी आली, तेव्हा तिचे निम्मे फोटोसुद्धा लावून झाले नव्हते. राहिलेले तिनं एका फोल्डरमध्ये ठेवले आणि त्याला "बाकी" असं नाव दिलं. मधला हसला. "आमचं कधीच झालं. तू बस लिहीत!"

भट्टीवरची माणसं सणाला घरी आली. होळी पेटली. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या अंगणात गर्दी जमली. गुरुजींनी शाळेतला संगणक मागवून ओट्यावर ठेवला होता.

"तुम्ही तिघं त्या आंब्याखाली बसा," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. "कशाला हात लावायचा नाही. शोधायचं काम ही करेल."

त्यांनी शेजारच्या एका पोरीला पुढं बोलावलं. ती सातवीत होती. यातला एकही फोटो तिनं पूर्वी पाहिला नव्हता.

आधी थोरल्याची मांडणी उघडली. एक बाई पुढं आली. "माझ्या लग्नाचा फोटो बघ गं."

"कोणत्या तारखेचा?" पोरीनं विचारलं.

"तारीख कुठली? थोरला पोर व्हायच्या आधी दोन वर्षं."

पोरीनं हिशेब करून एक वर्ष उघडलं. त्यात ते लग्न नव्हतं. शोधता शोधता तिला एक भलामोठा फोल्डर सापडला. जानेवारीचा होता. त्यात आवणी होती, दिवाळी होती आणि त्या बाईचं लग्नही होतं.

"जानेवारीत आवणी?" थोरला आंब्याखालून ओरडला.

"त्या जुन्या कॅमेऱ्याचे सेल काढले की घड्याळ पुसलं जायचं," गुरुजी म्हणाले. "मग तो पुन्हा एक जानेवारीपासून मोजायला लागायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचंही बघ. त्यांच्यात काढल्या दिवसाची तारीख राहत नाही. ते आले त्या दिवसाखाली जाऊन बसलेत."

थोरला खाली बसला.

मग मधल्याची मांडणी उघडली. फोल्डर दिसले, पण चेहऱ्यांची नावं दिसेनात. रंग आणि तारेही दिसेनात. अ‍ॅपनं ते फोटोंत लिहिलेच नव्हते, स्वतःच्या नोंदीत ठेवले होते. आणि ती नोंद मधल्याच्या लॅपटॉपमध्ये राहिली होती.

"माझा लॅपटॉप आणतो," मधला म्हणाला.

"आण," गुरुजी म्हणाले. "पण ते अ‍ॅप उद्या बंद पडलं, तर काय करशील? पिकासा किती जण वापरायचे. गूगलनं तो 2016 साली बंद केला."

लॅपटॉप आला. एक म्हातारी पुढं झाली. "आमच्या पाड्यावर पोरांबरोबर बसलेली मी. तेवढा फोटो काढ."

पोरीनं पालघर जिल्हा उघडला. त्यात जव्हार तालुका उघडला, त्यात पाडा उघडला. म्हातारी कुठं दिसेना. शेवटी ती ठाणे जिल्ह्यात सापडली. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. मधल्यानं त्याआधीचे सगळे फोटो ठाण्यात टाकले होते.

"मी कधी ठाण्याला गेले रे?" म्हातारी म्हणाली. "मी हितंच हाय!"

अंगण हसलं. हसू थांबल्यावर भट्टीवरून आलेला एक तरुण पुढं आला.

"गुरुजी, माझा बाप बोहाड्यात नरसिंह नाचवायचा. दोन पावसाळ्यांमागं तो गेला. त्याचा नाचतानाचा फोटो पाहिजे."

मधला म्हणाला, "चेहऱ्यांत बघ."

पोरीनं चेहरे उघडले. बापाचा चेहरा मुखवट्याआड होता. अ‍ॅपनं सगळे नरसिंह एकच माणूस समजून एका ढिगात टाकले होते. त्या माणसाला नाव नव्हतं. पोरीनं मान हलवली.

मग तिनं शाळेच्या संगणकावर धाकटीची मांडणी उघडली. शोधायच्या चौकटीत "बोहाडा" लिहिलं. त्यापुढं "नरसिंह" लिहिलं. काही फोटो समोर आले आणि प्रत्येकाखाली मजकूर होता. पोर एकेक वाचत गेली. एका फोटोपाशी थांबून तिनं मोठ्यानं नाव वाचलं. पुढं लिहिलं होतं, "डाव्या पायावरून ओळखलं, भावजयीनं सांगितलं."

तरुण वाकून बघू लागला.

"हाच," तो म्हणाला. "पायच बघा की त्याचा."

त्याच्यानंतर आणखी एक जण आला. त्याचा फोटो धाकटीच्या मांडणीत मिळाला नाही. पोरीनं "बाकी" हा फोल्डर दाखवला. "यातलं अजून लावायचं राहिलंय. इथं असेल."

"मग थांबतो," तो माणूस म्हणाला आणि ओट्याच्या कडेला टेकला.

गुरुजींनी हार्डडिस्क धाकटीच्या हातात दिली.

थोरल्याला राहवेना. "गुरुजी, हिचं तर निम्मंही झालेलं नाही. आम्ही सगळे फोटो लावले होते."

"लावले होते," गुरुजी म्हणाले. "तू तारीख विचारलीस ती यंत्राला. यानं विचारलं ते स्वतःच्या हौशीला. ही माझ्या ओट्यावर बसली आणि येणाऱ्या माणसांचं ऐकत राहिली. राहिलेलं काम पुढं होईल. चुकीचं झालेलं काम आधी मोडावं लागतं."

मग त्यांनी दोघांनाही काम दिलं. थोरल्यानं सगळ्याच्या तीन प्रती करायच्या. एक इथल्या कपाटात, एक जव्हारला, एक इंटरनेटवर. पावसाळ्यात एखादं घर गळलं, तरी सगळं जाऊ नये. मधल्यानं अ‍ॅपला चेहरे गोळा करायला लावायचे आणि ते धाकटीकडं द्यायचे. नाव मात्र माणसांना विचारूनच लिहायचं, आणि फोटोच्या फाइलमध्येच लिहायचं.

पुढची दिवाळी येईपर्यंत "बाकी" फोल्डर रिकामा झाला. त्यानंतर कुणी फोटो मागायला आलं की गुरुजी डोळे मिटत नसत. घरात जे पोर असेल, त्याला हाक मारत.

तात्पर्य : वस्तू कशी लावावी हे लावणाऱ्याच्या आवडीवरून ठरवू नये. ती शोधायला कोण येणार आणि काय विचारणार, यावरून ठरवावं.