सात कोटींत एक

विमा कंपनीत आकडेमोड करण्यात माझं आयुष्य गेलं. चाळिशीतल्या लाखभर माणसांपैकी वर्षात किती दगावतील हे आम्ही बऱ्यापैकी सांगतो; पण त्यांतला कोण, असं विचाराल तर हात वर! लाखांसाठी खरा असलेला आकडा एका माणसाच्या माथी मारावा का, हा प्रश्न मला सॅली क्लार्कच्या खटल्यापासून छळतो आहे.

सॅली चेशायरमध्ये राहणारी सॉलिसिटर. तिची दोन तान्ही बाळं दगावली, पहिलं डिसेंबर १९९६ मध्ये, दुसरं जानेवारी १९९८ मध्ये. तिच्यावर खुनाचा आरोप आला. १९९९ साली चेस्टरच्या कोर्टात सर रॉय मेडो या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली : अशा सुखवस्तू, सिगरेट न ओढणाऱ्या घरात बाळ अकस्मात जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन जाण्याची ७ कोटी ३० लाखांत एक. ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी तिला दोषी ठरवलं. जन्मठेप.

गुणाकार बरोबर होता, पण तो करायला आधार नव्हता. नाण्याच्या पहिल्या फेकीचा दुसरीशी संबंध नसतो. सख्ख्या भावंडांचं रक्त एक, घर एक. आणि त्याहून घातक म्हणजे, ‘सात कोटींत एक’ ही ती निर्दोष असण्याचीच शक्यता, असं ऐकणाऱ्याच्या मनात आपसूक बसतं. अहो, पण आईने आपल्या दोन्ही बाळांना मारणं हेही दुर्मीळच की! दोन दुर्मीळ गोष्टींपैकी एक घडून गेलेली असताना एकीचंच दुर्मीळपण मोजून काय हाती लागणार? इथल्या लॉटरीत २०१५ पर्यंत ४९ मधून ६ आकडे निवडावे लागत. पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे १ कोटी ४० लाखांत एक. म्हणून जिंकणाऱ्याला कुणी लबाड म्हटलं नाही.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. जानेवारी २००३ मध्ये सॅली सुटली, तीही मुख्यतः दुसऱ्या बाळाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षापासून दडून राहिले होते म्हणून. २००७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ती गेली.

नळाच्या आख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. राजाचा हिशोब बरोबर निघतो, तरी मला नळाचा हट्टच जास्त आवडतो.

कोर्टात हा हट्ट ज्यूरीने धरायचा, आणि मतदारयादीत नाव असेल तर ते बोलावणं आपल्यालाही येऊ शकतं, अगदी भारतीय पासपोर्ट असला तरी. समजा, तिथे कुणी म्हणालं की आरोपीशी जुळणारा डीएनए दहा लाखांत एकाचाच असतो. जवळपास सात कोटींच्या या देशात असे सत्तरच्या आसपास जण निघतील. मग त्यांतला हाच का, ते इतर पुराव्यानेच दाखवायला हवं. ज्यूरीला चिठ्ठी लिहून न्यायाधीशांकडे प्रश्न पाठवता येतो.