कारण आणि अपराध

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माता आपल्या स्वमग्न मुलाचा हात धरून माझ्याकडे आली. गरोदरपणी आईच्या शरीरात ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ वाढला, तर त्याचा मुलातील स्वमग्नतेच्या लक्षणांशी संबंध असू शकतो, असे तिच्या वाचनात आले होते. “फादर, हा पोटात होता तेव्हा माझे वडील वारले. मी फार रडले. तोच का हा ताण?”

तो ताण हा नव्हे. प्राणवायूच्या वापरातून पेशींत काही उपद्रवी रेणू निर्माण होतात. त्यांना आवरणारी शरीराची शक्ती अपुरी पडली, की त्या असमतोलाला हे नाव मिळते. निकोप गरोदरपणातही तो काहीसा वाढतोच. संशोधक गर्भवतींच्या लघवीतील त्याच्या खुणा मोजतात आणि पुढे मुलांच्या वागण्याशी ताडून पाहतात. अशा पडताळणीतून संबंध दिसू शकतो. कारण सिद्ध होणे निराळे.

पण समजा, उद्या ते कारणही ठरले. मग ती माता अपराधी ठरते काय? पापाला जाणीव लागते, संमती लागते, हे आपण पहिल्या पापनिवेदनाच्या तयारीतच शिकतो. पेशींतील घडामोडींना तिने संमती कधी दिली? मराठीत ‘कारणीभूत’ हा शब्द आपण बहुधा आरोपीसाठीच राखून ठेवला आहे, ही आपल्या भाषेची खोड म्हणावी लागेल.

हा आरोप जुनाच आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात आईबापांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता. पुढे ‘रेफ्रिजरेटर माता’ हा शब्दच रूढ झाला. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त जाहीर केले. जो गुन्हा घडलाच नव्हता, त्याची शिक्षा तोवर कित्येक मातांनी भोगली होती.

पित्याच्या वाढत्या वयाचाही स्वमग्नतेशी संबंध आढळला आहे. त्याविषयी विचारायला माझ्याकडे अद्याप एकही बाप आलेला नाही. तंबाखूच्या धुरानेही तो असमतोल वाढतो, आणि घरातला तो धूर बहुधा आईचा नसतो.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले होते. येशूने कोणालाही दोषी धरले नाही. तो त्या माणसाकडे वळला.

त्या मुलाला घंटेचा नाद सोसत नाही. तो कानांवर हात दाबून किंचाळला, की सारे मंदिर वळून पाहते, ते त्याच्या आईकडे. गेले काही महिने ती दोघे येतात त्या मिस्साला मी घंटा वाजवू देत नाही. काही ज्येष्ठ मंडळींनी त्याबद्दल माझ्याकडे नाराजी बोलून दाखवली आहे.