टाकलेलं डफडं

माझा आजा १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं डफडं टाकलं. टाकलं म्हणजे विकलं नाही, कुणाच्या गळ्यात अडकवलं नाही. चामडं विळ्यानं फाडलं, कडं चुलीत घातलं. मरीमाय असो, पोळा असो, पाटलाच्या पोराची वरात असो, पुढं आमच्या घरचा बाजा असायचाच. त्या वर्षापासून बोलावणं आलं की आजा एवढंच सांगायचा, 'बाजा मेला जी.' खळ्यावरचं धान बंद झालं. दोन वर्षं घर अर्धपोटी राहिलं. पण मेलेला बाजा जिता झाला नाही.

हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलो. सभेत सांगितलं, शिबिरात सांगितलं, टाळ्या घेतल्या. एक गोष्ट मात्र गाळत आलो. म्हातारपणी आजा अंगणात खाटेवर पडलेला असायचा आणि त्याची बोटं खाटेच्या लाकडावर वाजत असायची. आधी धिमी, मग चढती. मी जवळ गेलो की बोटं थांबायची, चेहरा चोरी पकडल्यासारखा व्हायचा. सगळ्या गावाला न भ्यालेला माणूस दहा वर्षांच्या नातवाला का भ्यावा?

मित्रहो, तुम्ही म्हणाल, शिष्यवृत्त्या अडल्यात, पोरं बेकार फिरतात, आणि हा गडी डफड्यावर लिहायला बसला. म्हणा. पण हा सवाल आमच्या गावात विहारापर्यंत चालत आला, तेव्हा तो बाजूला सारता येईना. सवाल असा : स्वाभिमानासाठी टाकलेलं वाद्य पुन्हा हातात घ्यावं काय? आणि घेतलं तर कुणाच्या सांगण्यावरून?

माझ्यापुरता तो मुंबईत सुरू झाला. दोन वर्षांपूर्वी सहा डिसेंबरला मी विदर्भ एक्सप्रेसनं दादरला गेलो. ही गाडी गोंदियाहून सुटते, आपण वरठीला, म्हणजे भंडारा रोडला, चढतो. उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला, तिथंच १९७१ साली चैत्यभूमीची वास्तू झाली. समुद्र अगदी लागून आहे, पण आमचे लोक समुद्र पाहायला आलेले नसतात. पाठ लाटांकडे, तोंड रांगेकडे. शिवाजी पार्कात पुस्तकांचे ढीग आणि रस्त्याच्या कडेला पेटी-ढोलकी घेऊन बसलेले गायक. एक आंधळा म्हातारा, एक नवराबायको, एक पोरगी नुसती खंजिरी घेऊन. पुढं पसरलेला रुमाल. तिकीट नाही, निवेदक नाही. भाकरी सोडून बसलेली बाई गाण्याचं कडवं चुकलं तर गायकाला तिथल्या तिथं दुरुस्त करते. एवढा जाणता श्रोता कुठल्या बंद सभागृहात मिळतो सांगा. पण दुसऱ्या दिवशी मी चाळलेल्या पेपरात या सगळ्याची बातमी 'वाहतुकीत बदल' या मथळ्याखाली होती. शहराचं सांस्कृतिक पान वेगळं होतं, आणि त्यावर आम्ही नव्हतो.

उतरलो होतो घाटकोपरला, रमाबाई नगरात नातलगाकडं. ११ जुलै १९९७ ला याच वस्तीत पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरेनं जीव दिला. ज्याचा गळा लाल झेंड्यासाठी झिजला, त्यानं जाताना कपाळाला निळं फडकं बांधलं होतं. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया त्याचं नाव अजून घरच्या माणसासारखं घेतात.

नातलगाचा पोरगा नाटकांना दिवे लावतो. तो मला एका थिएटरात घेऊन गेला. लोककलेचा कार्यक्रम, गार हवा, मऊ खुर्च्या. पडदा उघडला आणि पाच जण रेशमी फेटे बांधून, गळ्यात डफडं अडकवून आले. हात पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. तीच चाल. खाटेच्या लाकडावरची. आधी धिमी, मग चढती. निवेदक म्हणाला, ही आपल्या मातीतली कला. मी मनात म्हटलं, माती आपली कधीपासून झाली भाऊ? आमचे लोक तर गावकुसाबाहेरच्या मातीत राहत होते.

पण रागानं भागत नाही. चोरी म्हणावं तर टाकलेली वस्तू उचलणाऱ्याला चोर कसं म्हणणार? आणि खरं सांगू? मला आनंदही झाला होता. डोळ्यांत पाणी होतं. त्याची लाज वाटली, आणि त्या लाजेत मला आज्याचा तो चेहरा दिसला. परतीच्या गाडीत लक्षात आलं की दीड तासात डफडं पुष्कळ वाजलं, पण एक शब्द कुणी गायलं नाही. गरिबीचा नाही, बाबासाहेबांचा नाही, कुणाचाच नाही.

आजानं नेमकं काय मारलं होतं? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. जन्मानं गळ्यात बांधलेल्या कामाचा माणसाला वीट येतो, त्यात त्याचं मन राहत नाही, हेही ते सांगतात. आजाच्या बोटांना वीट आला नव्हता. वीट आला होता तो 'ये' म्हटलं की जाण्याचा, वरातीच्या पुढं चालून जेवणाच्या वेळी मागं बसण्याचा. त्यानं हाक मारली, म्हणजे ठार केली. डफडं त्या हाकेला शिवलेलं होतं म्हणून तेही गेलं. वेगळं काढायला त्याला सवड नव्हती, आणि कुणी देतही नव्हतं. म्हणून त्यानं केलं ते बरोबरच केलं. आज आरामात बसून त्याला 'कलेचं नुकसान' म्हणणाऱ्या विद्वानांनी एक सुगी अर्धपोटी काढून दाखवावी.

माझी कसोटी एकच आहे. ज्याला 'नाही' म्हणता येतं आणि नाही म्हटल्यावर ज्याचं काही बिघडत नाही, त्याचं वाजवणं कला. बाकी सगळं बलुतं, पैसे कितीही द्या. आणि या जिल्ह्यात मान वाकवायला नकार दिला तर काय होतं हे सांगायला मला ग्रंथ लागत नाही. खैरलांजी मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६. एका घरातली चार माणसं.

हाक आणि वाद्य वेगळं काढायचं काम आपल्याच लोकांनी करून ठेवलेलं आहे, हे आपण विसरतो. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचा बाज उचलला, गण-गौळण काढून टाकली आणि त्या जागी आंबेडकरी विचार उभा केला. जलसा झाला. ढोलकी तीच, पण ती पाटलाच्या वाड्यापुढं नाही, आपल्या वस्तीत वाजली. १९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणगाव हलवला. समुद्रकाठच्या दुसऱ्या शहरात, चेन्नईत, २०१८ साली 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाच्या मंडळींनी मरणाच्या दारी वाजणारी पराई स्टेजवर आणली आणि तिच्यावर आरक्षणाचं गाणं म्हटलं. तिथंही काहींनी वाजवणं सोडलं होतं, काहींनी पुन्हा धरलं. भांडण चालूच आहे, आणि ते असावं. आमच्या झाडीत खडी गंमतीचा शाहीर रात्रभर उभा राहून सवाल-जवाब करतो, तोही शब्दाच्या जोरावरच उभा असतो. म्हणजे प्रत्येक वेळी वाद्याबरोबर शब्द आपला होता.

आता गावातली गोष्ट. आमच्या विहारातल्या पोरांनी १४ एप्रिलसाठी डफड्यांचं पथक बसवलं. डीजेपेक्षा स्वस्त, म्हणून. त्यात तीन पोरी आहेत, हे आज्याच्या काळात झालं नसतं. पोरांनी हात कुठून शिकला म्हणाल तर मोबाइलवरून, थोडा माझ्याकडून. पथकाचं नाव झालं. मग गेल्या हिवाळ्यात धान निघाल्यावर गावात शंकरपट ठरला. पटाची बंदी उठल्यापासून आमच्याकडं पुन्हा बैल धावतात, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक होतं. कमिटीचा माणूस विहारात आला. अकरा हजार देतो म्हणाला. बोलला अदबीनं, चहा प्यायला. हे मी नोंदवून ठेवतो, कारण त्याच्या बापानं आमच्याकडं चहा घेतला नसता.

पोरांत दोन तट पडले. एक बी.ए. झालेला पोरगा म्हणाला, 'काका, आता जमाना बदलला. नाटक कंपनीवाले पैसे घेतात, आपण घेतले तर काय झालं?' कोपऱ्यातून एक म्हातारी कडाडली, 'तुह्या आज्यानं कायले टाकला बाजा? तुले अकरा हजार भेटावे म्हणून?' दोघंही मला खरे वाटले. मी म्हटलं, जाऊ, पण अटी घालू. बैलांच्या पुढं चालणार नाही, रात्री स्टेजवर वाजवू. पथकाचं नाव माइकवरून घ्यायचं. आणि वाजवू तसं गाऊ, आमची गाणी.

पहिल्या दोन अटी त्यानं लगेच मान्य केल्या. तिसरीवर मान खाजवली.

'गाणे नका म्हणू जी,' तो म्हणाला, 'फक्त वाजवा. वाटलं तर पंधरा देऊ.'

पोरांनी विसार परत केला. पटाच्या रात्री विहारापुढंच वाजवलं, गाण्यासकट, मध्यरात्रीपर्यंत. नाटक सुरू व्हायच्या आधी पटावरची काही माणसं येऊन कडेला उभी राहिली, त्यांत दोघं-तिघं कुणबी पोरंही होती. दुसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पथकातली दोन पोरं मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्या वाट्याचे पैसे गेले. एकाची आई आजारी आहे, आणि त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही.