शेवटच्या माणसाचा भरवसा

विमानाच्या दारातली एक गोष्ट मला बरीच वर्षे छळत आली आहे. हातातल्या बोर्डिंग पासवर आसनाचा क्रमांक छापलेला असतो. १४ सी म्हणजे १४ सी. तिथे दुसरे कोणी बसणार नाही, बसलेच तर विमानातले कर्मचारी त्याला उठवतील. आत शिरलेल्यांना घेऊन विमान उडाले आणि बाकीचे खाली राहिले, असेही सहसा होत नाही. तरीही घोषणा व्हायच्या आधीच निम्मे लोक उठून काचेच्या दाराशी उभे राहतात. मग बाजूने कोणीतरी फोनवर बोलत बोलत पुढे सरकतो आणि बोलणे संपते तेव्हा तो तिसऱ्या नंबरवर असतो. चाकांची खुर्ची घेतलेल्या आजींना आधी सोडा असे कर्मचारी सांगत असतात, आणि खुर्चीच्या मागोमाग आजींशी काडीचा संबंध नसलेली चार माणसे आत जातात.

आमच्या गडहिंग्लजच्या माणसाला विमान धरायचे तर एक वाट संकेश्वर, निपाणी, कागलवरून कोल्हापूरच्या उजळाईवाडीला जाते आणि दुसरी बेळगावच्या सांबऱ्याला. हा प्रवास आता नवलाचा राहिलेला नाही. पोरे मुंबई, हैदराबाद, बंगळूरला असतात, म्हणून ज्यांनी उभी हयात एसटीत काढली ती मंडळीही विमानात बसतात. त्यामुळे विमानतळावरची ढकलाढकली पाहिली की आमच्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते: एसटी स्टँडवरची सवय, दुसरे काय. आपल्या लोकांना शिस्तच नाही.

हे उत्तर मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी आधी एसटी स्टँडवरच जावे लागेल.

१ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या पिढ्यांनी गाडीत शिरण्याची जी विद्या कमावली ती गडहिंग्लजच्या स्टँडवर आजही पाहायला मिळते. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल, टोपी, दप्तर, दुधाची रिकामी किटली असे काहीही आत पडते आणि ती जागा धरली गेली असे सगळे मानतात. दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांत अडकतात. एखादा चपळ गडी ड्रायव्हरच्या बाजूने चढून आतून पुढे येतो. संध्याकाळची नेसरीकडची किंवा हलकर्णीकडची गाडी असली तर विचारूच नका. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत आणि २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण दारातली गर्दी काही त्याने कमी झाली नाही.

आता याच माणसांना कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, इचलकरंजीच्या विनाथांबा गाडीपाशी पाहा. तिथे तिकीट खालीच मिळते. लोक एकामागे एक उभे असतात. कोणी मध्ये घुसले तर मागून आवाज येतो, "ओ पावणं, लाइन हितनं हाय." आणि पावणा निमूट मागे जातो. माणसे तीच, जिल्हा तोच, एसटीही तीच. अर्ध्या दिवसात त्यांच्यावर कुठले संस्कार झाले? काहीच नाही. फरक एवढाच, की विनाथांबाच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असते, ही गाडी भरली तर मागून दुसरी लागणार आहे. नेसरीच्या गाडीपाशी शेवटी उभ्या असलेल्यालाही एक गोष्ट तितकीच पक्की माहीत असते: ही गेली की तासन्‌तास काही नाही, आणि मिळाली तरी घरापर्यंत उभ्याने जायचे.

मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. रांग मोडते ती पुढच्या टोकाला, म्हणून आपण पुढच्या टोकाकडे पाहतो, घुसणाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो. पण रांगेची तब्येत पाहायची तर शेवटी जावे. काल जो शेवटी उभा राहिला त्याच्या पदरात काय पडले, यावरून आज लोक दारात कसे वागतील ते ठरते. पंगतीत पुरणपोळी शेवटच्या पानापर्यंत जाणार हे ठाऊक असले की वाढप्याचा हात कोणी धरत नाही.

मग विमानात काय? तिथे तर जागा ठरलेली. तरी धडपड का?

कारण आसन ठरलेले असते, डोक्यावरचा कप्पा ठरलेला नसतो. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे सात किलोची एक पिशवी हातात नेता येते आणि पंधरा किलोपर्यंत खाली देता येते. पण आपला माणूस लेकीकडे निघालेला असतो. चाकांच्या बॅगेसोबत आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी असते आणि संकेश्वरी मिरचीच्या तिखटाच्या डब्याचे बोचके असते. बरेच जण आत गेले की कप्पे भरतात. शेवटी येणाऱ्या बाईचे आसन तिसऱ्या रांगेत असते आणि तिची बॅग बाविसाव्या रांगेवर जाते. उतरताना ती बॅग आणायची तर सगळ्यांच्या उलट दिशेने जावे लागते, ते जमत नाही, म्हणून विमान रिकामे होईपर्यंत ती बसून राहते. नाहीतर दारातच तिची बॅग काढून घेऊन खाली पाठवतात, मग पट्ट्यापाशी अर्धा तास. तिकडे शेवटची गाडी निघून जाते. असा अनुभव एकदा घेतलेली बाई पुढच्या वेळी घोषणेच्या आधी उठून उभी राहिली, तर तिला बेशिस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विमानात लोकांना कोणत्या क्रमाने बसवावे याचा अभ्यासही झाला आहे. जेसन स्टेफन या अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये गणिताने एक क्रम काढला आणि नंतर ७२ माणसांना विमानाच्या नमुन्यात प्रत्यक्ष बसवून तो तपासला. गटागटाने, मागच्या रांगांपासून सुरुवात करून बसवले तर जवळजवळ सात मिनिटे लागली. कसलाही क्रम न लावता सोडले तर पावणेपाच मिनिटांच्या आसपास. आणि स्टेफनच्या क्रमाने, म्हणजे आधी खिडकीची आसने, तीही एक रांग सोडून एक, मग मधली, मग वाटेकडची, असे बसवले तर साडेतीन मिनिटांच्या जरा वर. गोम सामानात आहे. एकाच भागातले लोक एकदम आले की सगळे त्याच दोन हात वाटेत बॅगा उचलत उभे राहतात आणि मागची रांग खोळंबते. अंतर ठेवून आले तर एकाच वेळी सहा-सात जण आपापली बॅग वर टाकू शकतात.

म्हणजे वेळ वाचवायची युक्ती माहीत आहे. तरी दारात ती क्वचितच दिसते, कारण दारातला क्रम आता विकाऊ झाला आहे. जादा पैसे भरा, आधी आत जा. जास्त वेळा उडणारे आधी, अमुक बँकेचे कार्ड असलेले आधी. अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ च्या अखेरीस शंभराहून जास्त विमानतळांवर एक यंत्रणा सुरू केली: आपल्या गटाआधी कोणी दारात पास दाखवला की ती आवाज करते आणि पास स्वीकारत नाही. माणूस मागे फिरतो, सगळे पाहतात. यंत्र तोंड बघत नाही, साहेब कोण आणि कोणाचा पाहुणा कोण हे त्याला कळत नाही, एवढी गोष्ट मला आवडली. पण यंत्र राखते काय? विकत दिलेला क्रम. शेवटच्या गटातल्या माणसाच्या बॅगेला जागा उरेल की नाही, याची हमी ते देत नाही. म्हणून मी याला अर्धा इलाज समजतो. रांगेतला घुसखोर हटला, रांगेत घुसावेसे वाटण्याचे कारण जागच्या जागी राहिले.

कारणच काढून टाकायचे तर काय करतात, हे आमच्या नदीवर पाहता येते.

हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते, आजरा आणि गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत संकेश्वरच्या बाजूला जाते आणि पुढे घटप्रभेला मिळते. तिच्यावर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा ओसरला की त्यांत बरगे घालून पाणी अडवायचे आणि दोन्ही काठांवरच्या मोटारींनी उपसायचे. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा आजरा तालुक्यातल्या चित्री धरणातून पाणी सोडतात. आता विचार करा, वरच्या गावांच्या मोटारी सुरूच राहिल्या तर ते पाणी खाली कितपत पोहोचेल? वरचा शेतकरी काही लबाड नसतो. त्याचाही ऊस वाळत असतो आणि पाणी त्याच्या डोळ्यांसमोरून चाललेले असते. म्हणून पाटबंधारे खाते उपसाबंदी लावते. ठरलेले दिवस मोटारी बंद, आणि पाणी खालच्या बंधाऱ्यांपर्यंत जाऊ द्यायचे. कालव्यांच्या पाण्याचाही जुना दंडक हाच आहे. पाळी शेपटाकडून सुरू करायची आणि मुखाकडे यायचे. टेलच्या शेतकऱ्याला आधी, हेडच्या शेतकऱ्याला शेवटी. पाण्याशी ज्यांची हयात गेली त्यांनी हे ओळखले होते, की मुखाजवळच्याला त्याच्या वाट्याची चिंता नसतेच, पाणी त्याच्या दारातूनच जाते. चिंता शेपटाला असते. ती आधी मिटवली की मधले भांडण आपोआप निम्मे होते.

उपसाबंदीत चोरून मोटारी चालतात, वायरी कापल्या जातात, तंटे होतात, हेही खरे आहे. तरी त्या बंदीमागचा विचार विमानाच्या दारातल्या विचारापेक्षा पुढचा आहे. तो आधी सगळ्यात मागच्याकडे पाहतो.

आणि याच तालुक्यात, याच शेतकऱ्यांच्या बाबतीत, हा विचार जिथे सगळ्यात जास्त हवा तिथे नाही. मी ऊसतोडीबद्दल बोलतो आहे. उसाची लावण झाली की कारखान्याकडे नोंद होते आणि नोंदीच्या तारखेवरून क्रमपाळी लागते: आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. कागदावर ही महाराष्ट्रातली सगळ्यात नेटकी रांग असेल. उभे राहावे लागत नाही, धक्काबुक्की नाही, ऊस शेतात उभा आणि नाव वहीत. पण हंगाम सुरू झाला की दिसते ते वेगळेच. मागून लावण झालेल्या फडात तोडणाऱ्यांची टोळी उतरते आणि आधीच्याचा ऊस तसाच राहतो. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला विचारले तर तो म्हणतो, "आज-उद्या लावतो की टोळी." मग टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्यायचे, वाहनाच्या ड्रायव्हरला एंट्रीचे द्यायचे, आणि संचालकाच्या ओळखीचा कोण आहे ते शोधायचे. उसाला तुरा येतो, वजन घटते, रान मोकळे व्हायला उशीर होऊन पुढचे पीक हुकते. ज्याने खुशाली दिली त्यालाही दिल्याचा आनंद नसतो. हंगाम कधी बंद होईल याचा नेम नाही आणि तोपर्यंत आपले रान रिकामे होईल याची खात्री नाही, म्हणून तो देतो. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात जूनपर्यंत ऊस फडात उभा राहिला, तेव्हा शेवटी राहणे म्हणजे काय असते ते सगळ्या राज्याने पाहिले. त्यानंतर कोणी पाळीच्या आधी नंबर लावायला पाहत असेल तर त्याला हावरट म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही.

विमानतळावर रांग मोडली तर एका बॅगेचा प्रश्न असतो. फडात रांग मोडली तर एका घराच्या वर्षाचा असतो. म्हणून मला वाटते, शिस्तीवरची व्याख्याने आता आवरावीत. खुशाली देणाऱ्या शेतकऱ्याला, रुमाल टाकणाऱ्या पोराला, काचेच्या दाराशी आधीच उभ्या राहिलेल्या बाईला आपण पुष्कळ बोललो. जे रांग चालवतात त्यांना विचारायचे ते राहूनच गेले आहे. विमान कंपनीला विचारावे, की आसनाबरोबर कप्प्यातली हातभर जागाही पासवर का छापत नाही, म्हणजे १४ सी ला शेवटी आले तरी १४ सी च्या वरच बॅग ठेवता येईल. एसटीच्या आगाराला विचारावे, की पुढची गाडी किती वाजता लागणार हे फलाटावरच्या फळ्यावर का लिहीत नाही, आणि लिहिले तर ती तेव्हा लागते का. आणि कारखान्याने गटवार क्रमपाळीची यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गावाच्या चावडीवर लावावी. ज्याचा ऊस तुटला त्याच्या नावापुढे रोज तारीख पडावी. आणि यादीच्या तळाला जे नाव आहे, त्याचा ऊस कारखाना कोणत्या तारखेपर्यंत नेणार, ते सगळ्यात आधी लिहावे.