गुरूचा मान आणि लेकराचे भय

वसमत तालुक्यातील हट्टा येथे एका घरी उपासना आटोपल्यावर जवळच्या खेड्यातून आलेली एक माता मागे थांबली. तिचा मुलगा तिसरीत आहे. शाळेचे मुख्याध्यापक फार मारतात, पाढा चुकला की सर्वांदेखत बापाच्या मजुरीवरून टोचून बोलतात, आणि लेकरू रात्री दचकून उठते, असे तिने आम्हांस सांगितले. दुसऱ्या दोन पालकांनीही तीच हकिकत सांगितली. परंतु मुख्याध्यापकांस भेटलात काय, असे विचारताच तिघेही गप्प झाले. शेवटी ती माता म्हणाली, "पाळकसाहेब, गुरुजीच्या विरुद्ध बोलणं पाप नाही का? छडी आवरणारा बाप लेकराचा वैरी, असं तुम्हीच तर सांगता."

हे शब्द आमच्या जिव्हारी लागले. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातील त्या बोधाचा आम्ही उपदेशात अनेकदा आधार घेतला आहे. पण त्याने एखाद्या मातेचे तोंड बंद होत असेल, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. म्हणून हा प्रश्न मंडळ्यांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

तो बोध प्रीती करणाऱ्या बापाविषयी आहे. रागावलेल्या परक्याच्या हाती दिलेला तो परवाना नव्हे. त्यात छडीसाठी जो इब्री शब्द आहे, तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आला आहे, आणि तेथे ती काठी मेंढरास धीर देते. आपल्या भागातील कोणत्याही धनगरास विचारा. काठीने तो मेंढरू वळवितो, लांडगा हाकलतो. पण ज्याची काठी दिसताच मेंढरे कळप सोडून पळतात, त्याच्या स्वाधीन कोणी आपली मेंढरे करील काय? पौलानेही इफिसकरांस लिहिताना, सहाव्या अध्यायात, बापांस बजावले आहे की शिस्त लावताना मुलांस चिडीस आणू नये. जे जन्मदात्यास वर्ज्य, ते शिक्षकास विहित कसे होईल?

कित्येक वडीलधारे म्हणतात, "आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर माणसांत आलो." त्यांच्या अनुभवाचा आम्ही अवमान करीत नाही. परंतु ही साक्ष एकतर्फी आहे. मार खाऊन जे शिकले, ते आज बोलावयास पुढे आहेत. मारास भिऊन ज्यांनी पाटी टाकली, ते उसाच्या फडात कोयता चालवीत आहेत, आणि त्यांची साक्ष कोणी घेत नाही. शिवाय भयाने मूल गप्प बसते खरे, पण गप्प बसणे म्हणजे सुधारणे नव्हे. छडी दृष्टीआड होताच जे वर्तन बदलते, त्यात विवेकाचा अंश कोठे आहे?

दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर, जो 1910 साली स्थापन झाला, गांधीजींनी एकदा एका दांडगट विद्यार्थ्याच्या दंडावर रूळ मारला. मुलाने क्षमा मागितली. परंतु मारताना आपलाच हात कापला, आणि त्या कृत्याचा आपणांस पुढेही पश्चात्ताप होत राहिला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आता तर कायदाही स्पष्ट आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ ह्या दोहोंस मनाई केली आहे. तरीही 2025 च्या नोव्हेंबरात वसई येथे उशिरा आल्याबद्दल उठाबशांची शिक्षा भोगलेली सहावीतील मुलगी काही दिवसांनी मरण पावली. मृत्यूच्या कारणाचा निर्णय करणे तपासाचे व न्यायालयाचे काम आहे. पण अशा शिक्षेस शाळेत जागा नाही, हे सांगण्यास कोणत्याही निकालाची वाट पाहावयास नको.

मग पालकांनी काय करावे? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: प्रथम एकांतात भेटावे, मग एकदोघांस बरोबर न्यावे, त्यानंतर मंडळीस सांगावे. हाच क्रम येथे लागू पडतो. मुख्याध्यापकांस समक्ष भेटावे. न ऐकल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी अर्ज द्यावा, कारण सरकारी शाळेतील त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. तेथेही दाद न लागल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. मात्र लेकरास इजा झाली असेल, तर क्रमाची वाट न पाहता डॉक्टरास दाखवावे आणि पोलिसांस किंवा 1098 ह्या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. कारण तो क्रम बरोबरीच्या भावांसाठी आहे, आणि मूल गुरुजींच्या बरोबरीचे नाही. पारावर बसून गुरुजींची निंदा मात्र करू नये. एका शिक्षकावर दोन-तीन वर्ग व वर कागदपत्रांचा भार असतो, हेही आपण जाणतो. पण त्या भाराची भरपाई लेकराच्या पाठीने करावयाची नाही. जो सत्य तोंडावर सांगतो, तोच गुरूचा खरा मान राखतो.

त्या मातेबरोबर शाळेत जाण्याचे आम्ही कबूल केले आहे. आपल्या शब्दाने जे तोंड बंद झाले, ते उघडण्यास आपणच सोबत गेले पाहिजे.

बंधुभगिनींनो, एवढे तरी आजच घरी करा. सायंकाळी लेकरू शाळेतील दुःख सांगू लागले, तर "तूच काहीतरी केले असशील" असे म्हणू नका. त्यास जवळ घ्या आणि पुरते ऐका. प्रभूने लेकरांस आपणाजवळ बोलाविले, तेव्हा त्यांची चूक आधी विचारली नव्हती.