दुसरी बॅटरी आणि व्रताचा प्रश्न

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत दुसरी बॅटरी बसवण्यामागचे तत्त्व साधे आहे. इंजिन सुरू करण्याची शक्ती आणि मुक्कामातल्या सोयींची शक्ती एकाच साठ्यातून खर्च होऊ नये, एवढेच ते तत्त्व. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात फिरणाऱ्यांमध्ये ही जोडणी सर्रास आढळते. विलुना ते हॉल्स क्रीक हा तिथला कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १८५० किलोमीटरचा आहे आणि वाटेत वस्ती जवळजवळ नाही. रात्रभर फ्रिज आणि दिवे चालले आणि पहाटे इंजिनच सुरू झाले नाही, तर अशा मुलखात गैरसोयीचे रूपांतर जिवाच्या धोक्यात होते.

गाडीची मूळ बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी घडवलेली असते. तिच्यातल्या पातळ आणि पुष्कळ प्लेट्स काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर देतात; पण तिचा साठा पुन्हा पुन्हा खोलवर उपसला, तर ती लवकर निकामी होते. डीप सायकल बॅटरीच्या प्लेट्स जाड असतात आणि ती तासन्‌तास थोडाथोडा प्रवाह देऊ शकते. तिलाही मर्यादा आहेच. शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची, तर क्षमतेच्या निम्म्याहून अधिक वापर टाळावा लागतो. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले हिशेबात धरण्याजोगे सुमारे ५०.

या दोन बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर बसतो. व्होल्टेज ओळखणारा रिले हा त्याचा प्रचलित प्रकार. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले, की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झाल्यावर व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरले, की तो त्यांना तोडतो. तिथून पुढे फ्रिज चालतो तो फक्त दुसऱ्या बॅटरीवर. ज्या नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, तिथे या रिलेवर विसंबता येत नाही. तिथे डीसी-डीसी चार्जर लावतात. दोन बॅटऱ्यांमधल्या वायरला दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ, फ्यूज असावा लागतो. कारण कुठेही शॉर्ट झाला, तर प्रवाह दोन्हीकडून येतो.

या सगळ्या खटाटोपामागे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा आहे. इंजिनासाठी शक्ती राखायची, हे प्रवाशाला ठाऊकच असते. मग ती राखण्याचे काम त्याच्या समजुतीवर न सोपवता एका यंत्राकडे का द्यावे लागते?

प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात सॉक्रेटिसचे म्हणणे असे, की जाणूनबुजून कोणी वाईट निवडत नाही. जवळची वस्तू असते त्याहून मोठी दिसते, तसे जवळचे सुखही मोठे भासते. चूक होते ती मापनात. त्यामुळे मापनाची विद्या हाच त्यावरचा उपाय ठरतो. अ‍ॅरिस्टॉटलला हे पुरेसे वाटले नाही. ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या सातव्या भागात तो दाखवतो, की ज्ञान असूनही ते त्या क्षणी जागे नसू शकते; झोपलेल्या किंवा नशेतल्या माणसाजवळ ज्ञान असते तसे. मुक्कामावरच्या प्रवाशाला दोन्ही विवेचने लागू पडतात. समोरच्या थंड पाण्याचे मोल त्याला पहाटेच्या इंजिनापेक्षा मोठे वाटू शकते, आणि साठा खरोखर उतरत असतो तेव्हा तो बहुधा झोपलेलाच असतो.

या अडचणीवर भारतीय परंपरेने शोधलेले उत्तर म्हणजे व्रत. व्रतात मर्यादा इच्छेच्या क्षणी ठरत नाही; इच्छा जागी होण्याआधीच ठरलेली असते. जैन आचार्य समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ गृहस्थाच्या भोगोपभोगावर दोन प्रकारचे निर्बंध सांगतो. ठरावीक काळापुरता तो नियम, आणि आयुष्यभराचा तो यम. दोन्हींत वस्तू आणि काळ यांचे मोजमाप आधी होते. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या आणि पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पत्रांत गांधीजींनी व्रतांची आवश्यकता याच अंगाने मांडली. ‘जमेल तितके पाळू’ या भाषेत त्यांना दुबळेपणा दिसला. ‘जमेल तितके’ म्हणजे नेमके किती, हे ठरवणारा त्या घडीला मोहात असलेला माणूसच असतो. १२.८ व्होल्टला तुटणारा रिले अशी सवलत ठेवत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. मर्यादा यंत्राने पाळली तर त्यात माणसाचे नैतिक कर्तृत्व ते काय? कृतीचे नैतिक मोल कर्तव्यबुद्धीत असते, असे कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात मांडले; आणि आयसोलेटरला कर्तव्यबुद्धी नसते. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागतो. रिले परिणाम राखतो, चारित्र्य घडवत नाही. पण नैतिक कृती कोणत्या क्षणी घडते, याकडे आक्षेपाचे दुर्लक्ष होते. आयसोलेटर निवडणारा, बसवणारा आणि त्याची मर्यादा मान्य करणारा माणूस त्या वेळी पूर्ण जागा आणि स्वतंत्र असतो. स्वतः स्वतःला घालून दिलेला नियम हेच कांटच्या स्वायत्ततेचे लक्षण आहे, आणि असा नियम नंतर अडवतो म्हणून परका होत नाही. व्रताचेही तसेच आहे. दुसऱ्याने लादलेला उपवास ही उपासमार असते. स्वीकारलेला उपवास हे व्रत.

खरा धोका दुसरीकडे आहे. पहिली बॅटरी सुरक्षित झाली, की दुसरीवरचा भार वाढवायला मन मोकळे होते. फ्रिजपाठोपाठ आणखी दिवे येतात, मग पंखा, मग मोठा इन्व्हर्टर आणि अखेर आणखी एक बॅटरी. परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून वस्तूविषयीच्या आसक्तीत आहे, हे जैन आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितले आहे. आयसोलेटर प्रवाह अडवतो, आसक्ती अडवू शकत नाही. म्हणूनच परिग्रह-परिमाण व्रतात गृहस्थ संग्रहाची कमाल मर्यादा अगोदर बांधून घेतो. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे: आधी गरजेचे अँपिअर-तास ठरवावेत, मग बॅटरी निवडावी. उलट क्रमात साठाच गरजा ठरवू लागतो.

अपवादाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. काही रिलेंना हाताने दाबायचे बटण असते. मुख्य बॅटरी बसली, तर ते दाबून दोन्ही बॅटऱ्या तात्पुरत्या जोडता येतात आणि दुसरीच्या बळावर इंजिन सुरू होते. धर्मशास्त्रात याला आपद्धर्म म्हणतात. त्याचे माप छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाच्या कथेत सापडते. कुरुदेशात पीक बुडाले असताना उपाशी उषस्तीने एका माणसाच्या ताटातले उष्टे धान्य मागून खाल्ले, पण त्याचेच उष्टे पाणी घेतले नाही. धान्याविना जीव राहिला नसता. पाणी मात्र हवे तेव्हा मिळणार होते. अपवादाची सीमा इथे गरजेइतकीच काटेकोर आहे. आयसोलेटरचे बटणही इंजिन सुरू होईपर्यंतच दाबायचे असते. फ्रिज रात्रभर चालावा म्हणून ते दाबून ठेवले, तर दुसरी बॅटरी बसवण्याचा हेतूच नाहीसा होतो.

दुसऱ्या बॅटरीच्या रचनेतून निघणारे उत्तर असे. संयमाला समज लागतेच. पण समज नेमकी हवी त्या क्षणी जागी नसते. म्हणून ती जागी असतानाच तिने मर्यादा ठरवावी, मोजावी आणि मोहाच्या हातून काढून घ्यावी. ही मर्यादा स्वतःची असावी, गरजेच्या हिशेबावर उभी असावी आणि आपत्तीपुरतीच सैल व्हावी. या तीन अटी पाळल्या, तर व्रत माणसाचे स्वातंत्र्य कमी करत नाही; ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवून धरते.