हिशेबाबाहेरचा माल

केटामाईन हे भुलीचं औषध. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते रुग्णाच्या वेदना थांबवतं, चोरवाटेनं गेलं की त्याचीच नशा होते. पावडर तीच, फरक परवान्याचा आणि हिशेबाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबाद गुन्हे शाखेसोबत छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत छापे घातले. एका आरोपीच्या घरातून सुमारे २३ किलो कोकेन आणि ३० लाखांची रोकड निघाली, पैठणच्या कारखान्यातून मेफेड्रोन हा नशेचा पदार्थ आणि हेच केटामाईन. एकूण किंमत अडीचशे कोटींच्या वर सांगितली गेली.

कारखाना काही जंगलात नव्हता, औद्योगिक वसाहतीत होता. वसाहतीतल्या शेडला प्लॉट नंबर असतो, विजेचं मीटर असतं, कच्चा माल बिलावर येतो. अशा ठिकाणी पोलिसाच्या काठीइतकीच करखात्याच्या माणसाची नजर लागते. सॉल्व्हंटची पिंपं किती आली, तयार माल बिलावर किती गेला, मधलं कुठे गेलं?

पैठणच्या व्यापाराला असली विचारणा नवी नाही. सातवाहनांच्या काळी इथले अकीकासारखे दगड गाड्यांवर लादून भडोचला जात. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात ही वाट वीस दिवसांची सांगितली आहे. कौटिल्याचं अर्थशास्त्र तर वेशीजवळच्या शुल्कशाळेत चार-पाच लेखनिक बसवायला सांगतं. व्यापारी कोण, कुठून आला, माल किती, मुद्रा कुठे उमटवली, हे त्यांनी लिहून घ्यायचं. जकात तिजोरीत पडे ते ठीकच. पण आपल्या वाटेवरून काय चाललंय हे राज्य विचारत होतं, याचं मोल मला वसुलीपेक्षा मोठं वाटतं.

चित्रपटांना मात्र अशा नोंदी नव्हे, पाठलाग हवा असतो. २०२५ चा ‘कोस्टाओ’ गोव्याचे सीमाशुल्क अधिकारी कोस्टाओ फर्नांडिस यांच्यावर बेतलेला आहे. १९९१ साली सोन्याच्या तस्करीची खबर मिळाली, ते एकटेच मोटारसायकलवरून तस्कराच्या गाडीच्या मागे लागले. झटापटीत समोरचा माणूस मेला आणि खुनाचा खटला त्यांच्यावरच उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला १९९६ मध्ये. पाठलाग थोड्या वेळाचा, पण त्यानंतरची पाच वर्षं एका माणसाने कशी काढली असतील!

असा अधिकारी एकटा पडतो, कारण करचुकवेगिरीला आपण मनातून गुन्हाच मानत नाही. ‘पक्कं बिल हवंय का? जीएसटी लागेल,’ असं दुकानदार विचारतो आणि आपण बिनदिक्कत ‘राहू द्या’ म्हणतो. विनाबिल फरशी विकणारा आणि मेफेड्रोन विकणारा एकाच माळेचे मणी, असं मी म्हणणार नाही. पण नोंदीवाचून फिरणारा माल जितका जास्त, तितकं त्या गर्दीत एक पिंप खपवणं सोपं. तपास करणाऱ्याला आधी आपली सगळ्यांची कच्ची बिलं बाजूला सारावी लागतात, तेव्हा कुठे त्या पिंपाचा माग लागतो.